रस्ता वर गेला, मी खालीच

मी दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी, आणि बोलतेय ती रस्त्याच्या खालून. आवाज दबका वाटला तर समजून घ्या.

जन्म परदेशातला, साठेक वर्षांपूर्वीचा. अमळनेरच्या एका तेलगिरणीच्या मालकांनी मला हौसेने आणलं. गिरणी बंद पडली तेव्हा धुळ्याचे कापूस व्यापारी बन्सीलाल आबा यांनी मला घेतलं. त्या दिवशी मी रस्त्यावरून सरळ त्यांच्या शेडमध्ये शिरले. दोन्ही एकाच पातळीवर होते. आबांनी बायकोला, द्रौपदाबाईंना, शब्द दिला, "तुला दारातून बसवून अमळनेरला माहेरी नेतो."

मग गल्लीचा विकास सुरू झाला. आमच्याकडे जुना रस्ता उकरायची पद्धत नाही. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट. निवडणूक आली की एक थर. इकडे आबा मला पुसायचे, कव्हर घालायचे आणि "पुढच्या रविवारी" म्हणायचे. अखेर एका रविवारी दार उघडलं, तर माझ्या बंपरसमोर रस्त्याची कड होती.

दारापुढे गटार, म्हणून चढ शेडच्या आतच बांधला. आखूड आणि भिंतीसारखा उभा. मी अर्ध्यावर जाऊन बंद पडायचे आणि मागे घरंगळायचे.

"इंजिनाची ताकद वाढवा," मुलगा राजदीप पुण्याहून फोनवर म्हणाला. त्याने पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. त्याच्या सांगण्यावरून रुपचंद मिस्त्रींनी मला दोन मोठे कार्बुरेटर, शर्यतीचा कॅमशाफ्ट आणि जाड नळीचा सायलेन्सर बसवला. मी अशी गरजले की शेजारची कबुतरं कायमची गेली. चढले मात्र नाही. क्लचच्या धुराने शेड भरली.

"काय जयी राह्यनं हो?" द्रौपदाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अक्का, वरच्या स्पीडले वाघ शे वाघ!" मिस्त्री म्हणाले.

"आन् खाले?"

"खाले... जराशी बकरी."

"आपले पयनं नई शे, चढनं शे," बाई म्हणाल्या आणि भाजी बघायला गेल्या.

पळायचं नसून चढायचं आहे, ही गोष्ट तोवर कोणाला सुचली नव्हती, मलासुद्धा. मग जुना, लहान तोंडाचा कार्बुरेटर परत आला. संथ फिरतानाच ओढ देणारा सौम्य कॅमशाफ्ट आला. नळी बारीक आणि लांब झाली.

"आबा, टॉप स्पीड जाईल!" राजदीप कळवळला.

"अरे, टॉपला शेडची भिंत आहे," आबा म्हणाले.

ठरलेल्या रविवारी द्रौपदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यात बसल्या. मिस्त्री म्हणाले, "अक्का, वजन कमी होईल, गाडी वर आली की तुम्ही रस्त्यावर बसा."

"शब्द दारातून बसायचा आहे."

मी गरजले नाही. गुणगुणत, कुठेही न अडता, चाकावरचे आबा आणि शेजारच्या बाई, दोघांना घेऊन वर आले. किती वर्षांनी माझ्या पुढच्या चाकांना ऊन लागलं!

समोर अभिमन मुकादम हात आडवे करून उभा होता. गल्लीच्या दोन्ही तोंडांना खडीचे ढीग. "आबा, गाडी मागे घ्या. काँक्रीट टाकी राह्यनूत."

"आणखी किती वाढणार?"

त्याने बोटं ताणून वीत दाखवली.

मी मागे आले. मिस्त्री माझ्या इंजिनात वाकून म्हणाले, "अजून थोडी ओढ निघी." आबा कव्हर आणायला गेले. द्रौपदाबाई उतरल्या नाहीत. "दारातून बसले आहे. आता अमळनेरलाच उतरेन."

जेवायला, झोपायला त्या जातात. पण दुपारी माझ्यात येऊन मेथी निवडतात आणि मधूनच काचेतून पुढे बघतात. पुढे रस्त्याची कड आहे, आता वीतभर आणखी उंच.

रस्ते करणाऱ्या मायबापांनो, माझ्यात ओढ पुरेशी आहे. पुढच्या वेळी एकदा, फक्त एकदा, आधी उकरून पाहा. आणि जाताना शेडचं दार हळू लावा. बाई आत बसल्या आहेत.