उष्ट्या ताटांचं वाक्य

किटलीचा खटका टक्कन पडला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. मघापासून पेन्सिल चावत बसलेल्या पूर्वाने डोकं वर केलं.

"मॅमी, डीमीन म्हणजे काय गं?"

नऊ वर्षांची पोर. कोरोनामुळे नाताळपासून शाळा बंद, त्यामुळे आयर्लंडातल्या त्या ॲथलोन गावच्या बाकीच्या पोरांसारखी तीही जेवणाच्या टेबलावरच शाळेत जात होती. तिच्या मिस दर सोमवारी एक शब्द द्यायच्या. तो घरातल्या माणसाबद्दलच्या वाक्यात वापरायचा, आणि तीन वाजायच्या आत ते वाक्य टॅबलेटवर वाचून पाठवायचं.

"कमीपणा आणणं," शिवांगी चहा गाळत म्हणाली. "समोरच्याला मान खाली घालावीशी वाटेल, असं त्याला वागवणं."

"म्हणजे शेजारच्या कुत्र्याला तो गुलाबी स्वेटर घालतात, तसं?"

"ते कुत्र्याला विचारावं लागेल," खिडकीशी लसूण सोलत बसलेल्या प्रभाताई म्हणाल्या. शिवांगीच्या सासूबाई. गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी आल्या, तोवर विमानं बंद झाली, आणि सुरू झाल्यावरही चढायचा धीर काही होईना. आता तर इथल्या आयरिश लोकांसारखं त्याही कपाटाला 'प्रेस' म्हणायला लागल्या होत्या.

"आणि डॅडी वरती शर्ट, खाली चड्डी घालून मीटिंगला बसतो ते?"

"तो त्याचा स्वतःचा पराक्रम," शिवांगी म्हणाली.

"आणि मी तुझ्या इंग्लिशला हसते ते, आजी?"

"त्याला आगाऊपणा म्हणतात. लिही आता."

शिवांगीला हसू आलं. तिचं लक्ष मात्र दारामागच्या पिशवीकडे होतं. पिशवीत घडी घालून ठेवलेला एप्रन होता. चारला तिची कामाची पाळी सुरू व्हायची. ऑक्टोबरपासून ती गावाबाहेरच्या, वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये कामाला जात होती, तिथल्या स्वयंपाकघरात. वृद्धांची जेवणं झाली, की ताटं उचलायची, उरलेलं खरवडायचं, भांडी मशीनमध्ये लावायची. पुण्यात सात वर्षं कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवलेल्या बाईला हे काम आवडायला लागलं होतं, याचं तिचं तिलाच नवल वाटे. पण प्रभाताईंना तिने सांगितलं होतं, ऑफिसात आहे म्हणून. कारण कुणाची दैना सांगायची झाली, की प्रभाताई आवाज खाली आणून एवढंच म्हणत, "लोकांची उष्टी काढायची वेळ आली हो तिच्यावर." त्यापुढे सांगण्यासारखं काही उरतच नसे.

"झालं!" पूर्वा ओरडली. टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून तिने तिच्या त्या गावठी आयरिश हेलात इंग्रजी वाक्य धडाधडा वाचलं आणि पाठवूनही टाकलं. शिवांगीच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"एवढं भरभर? आजीला मराठीत सांग बघू," प्रभाताई म्हणाल्या. तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, वाक्य ऐकल्याशिवाय सोडणार थोडीच.

"अगं पूर्वा, आधी चहा..."

"माझी मॅमी," पूर्वा एकेक शब्द जुळवत म्हणाली, "म्हाताऱ्या लोकांची उष्टी ताटं काढते. पण ते डीमीनिंग नाही, कारण ती आधी त्यांना विचारते, संपलं का." मग तिने खुलासा केला, "मी बघितलं ना! डॅडीबरोबर तुला घ्यायला आलो होतो तेव्हा, खिडकीतून."

प्रभाताईंच्या बोटात अर्धी सोललेली पाकळी होती. ती त्यांनी ताटलीत ठेवली.

"ऑफिस?"

"ऑफिस नाहीये, आई," शिवांगी म्हणाली. मान वर ठेवायची असं ठरवूनही तिची नजर ओट्यावरच गेली.

मग प्रभाताईंनी विचारलं, "काय टाकतात गं ती माणसं?"

"अं?"

"ताटात. काय उरतं?"

"बटाटा. कुस्करलेला. कडा कापूनही पाव उरतो." शिवांगी चाचरली. "एक आजी आहेत, त्या बिस्किट रुमालात बांधून ठेवतात. मुलगा येईल म्हणून. सध्या कुणाला आत सोडत नाहीत. मी ते बिस्किट राहू देते."

प्रभाताईंनी पाकळी पुन्हा हातात घेतली. "माझ्या लग्नानंतर पंधरा वर्षं मी ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवले," त्या म्हणाल्या. "संपलं का, असं मी विचारायचं नसे. ते उठले की बसायचं." पाकळी सोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हातमोजे तरी देतात ना?"

"देतात."

"मग ठीक."

ठीक होतं की नव्हतं, हे शिवांगीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि पिशवी उचलली. आज प्रथमच तिने एप्रन घरातच बाहेर काढला.

पूर्वा पेन्सिलीचं टोक गालावर टेकवून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. आता तिला खरंच काहीतरी कळेनासं झालं होतं.

"पण मॅमी, ते डीमीनिंग नाहीये, तर तू आजीला ऑफिस का सांगितलंस?"