गुळगुळीत फळी

पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा सोसवेना, म्हणून तिला बाहेरून फळ्या ठोकायचं लीयाबाईंनी ठरवलं आणि त्यांची सून मिल्का धास्तावली. तिचे आईवडील गेल्या वर्षी पनवेल सोडून इस्रायलला गेले होते. "पुढच्या वर्षी आपण," असं नवऱ्याने, राफेलने, तिला कबूल केलं होतं. जाणारं माणूस भिंतीला फळ्या कशाला ठोकील?

गव्हाणच्या बुधाजी सुताराने ओटीवर दोन फळ्या मांडल्या. एक रंधा मारून गुळगुळीत केलेली, हिरव्या तेलरंगाची. दुसरी सागाची, अंगच्या रेघा तशाच ठेवून नुसतं तेल पाजलेली.

"कंची ठोकू?"

"तिलाच विचार," लीयाबाई म्हणाल्या. "बीएस्सी झालीय. आमच्या घरात तेवढं एकच शहाणं माणूस."

राफेल हसला. फळ्या ठोकायच्या की नाही, हे मात्र मिल्काला कुणी विचारलं नव्हतं.

रेघांची फळी भिजली तरी वाळते, वर्षानुवर्षं हलत नाही, हे तिला ठाऊक होतं. रंगाखाली शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. लाकूड आतून कुजतं. तीन-चार पावसाळे, बस्. मग भिंत उघडी पडेल आणि जायचा विषय पुन्हा निघेल.

"गुळगुळीत," ती म्हणाली.

"बघा हां वैनी, तिला दर साली रंगाचा हात लागंल."

"लागू दे की. दारफळणीच्या सणाआधी ही देत जाईल," लीयाबाई म्हणाल्या. उपास करून, दार लावून दिवसभर घरात बसायचा तो सण. "तोवर पाऊसही ओसरलेला असतो."

पावसाळा सरता सरता रंगाला एक फोड आला. मिल्काने नख टोचलं. आतून पाणी आलं. तिला बरं वाटलं.

"अहो, जायचं काय ठरलं?" तिने राफेलला विचारलं.

"एवढ्या फळ्या ठोकल्यावर? त्या टिकतात तोवर तरी राहू या."

सण जवळ आला तशी लीयाबाईंनी तिच्या हाती कुंचला दिला. फोडावरून नुसता रंग फासला असता तरी कुणाला कळलं नसतं. मिल्काने फोड खरवडला, लाकूड उन्हात पुरतं वाळू दिलं, खालच्या भेगेत लांबीचा लगदा भरून घासला आणि मगच रंग दिला. वरवरचं काम तिला कधी जमलंच नव्हतं.

लीयाबाईंनी फळीवरून हात फिरवला. "फोड कुठे होता, सांगताही यायचं नाही."

दारफळणीच्या संध्याकाळी राफेलने दाराला आतून कडी घातली.