धम्मरत्नच्या गावची पाहणी

मोटारसायकल काही केल्या स्टँडवर चढेना, तेव्हा घनश्यामनं ती तशीच तानाबाईच्या कुडाला टेकवली आणि रुमालानं तोंड पुसलं. घाम खंडत नव्हता.

"भाऊ, मी लावतो नीट," धम्मरत्न म्हणाला.

"राहू दे. पाहणी आटपू. दिवस बुडायच्या आत मले निघायचं आहे."

दोघंही आरोग्य सहाय्यक, दारव्हा तालुक्यातल्या शेजारशेजारच्या आरोग्य केंद्रांतले. घनश्यामचे केस नोकरीत पांढरे झालेले, धम्मरत्न काल-परवा लागलेला. डॉक्टरांच्या हाताखालच्या माणसांनी गावात काही नवं करून दाखवलं असेल, तर त्यांचा यवतमाळला सत्कार करायचं यंदा ठरलं होतं. तालुक्यातून नाव एकच जाणार आणि आली दोन. मग तालुक्याच्या साहेबांनी शक्कल काढली. एकमेकांचं काम पाहून या आणि खरं काय ते मला सांगा, म्हणाले.

धम्मरत्न आधीच घनश्यामच्या गावात येऊन गेला होता. घनश्यामनं बचत गटाच्या बायांकडून फवारणीसाठी मास्क शिवून घेऊन गावोगाव वाटले होते. ते पाहून 'लय चांगलं काम आहे, भाऊ' असं तो चारचौघांत म्हणाला आणि साहेबांनाही तेच सांगून आला. घनश्यामच्या पोटात दुखत होतं ते नेमकं याचंच. नावं ठेवली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं! आता जो उठतो तो धम्मरत्नचं कौतुक सांगतो आणि याच्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि त्या पोराचं काम तरी काय? यंदा बोंडअळी हटता हटत नव्हती. लोक दोन-दोन औषधं एकात कालवून कपाशीवर मारत होते आणि भोवळ येऊन पडत होते. विष अंगात भिनलं की डोळ्याची बाहुली आकसते. धम्मरत्ननं बायांना एवढंच शिकवलं, की माणूस फवारून आला की घरात घेण्याआधी त्याचे डोळे पाहायचे. बाहुली बारीक दिसली, तर कपडे उतरवून साबणानं आंघोळ घालायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. संपलं. याला प्रकल्प म्हणायचं असेल तर भाकरी थापण्यालाही म्हणा, असं घनश्याम घरी बायकोला म्हणाला होता.

तेवढ्यात तानाबाईचा मुलगा रजत पाठीवरचा पंप सावरत अंगणात आला. त्याची बायको अपेक्षा टॉर्च घेऊन बाहेर आली. तशी तानाबाई खाटेवर बसल्या बसल्या भिंतीकडे वळली.

"यायले काय झालं?" घनश्यामनं विचारलं.

"सासूसमोर नवऱ्याच्या डोयात पाहायले सुना लाजत होत्या," धम्मरत्न हसून म्हणाला. "मंग सासवायनंच ठरवलं, तेवढ्यापुरतं तोंड फिरवायचं. मले नव्हतं सुचलं."

श्रेयसुद्धा घेत नाही, मेला! घनश्यामच्या तोंडात सारखी लाळ जमत होती. तो कडेला जाऊन थुंकला आणि रजतवर घसरला.

"मास्क काहून नाही लावला रे?"

"गरमीत जीव कोंडते, साहेब."

"पाहा, धम्मरत्न. माह्या गावात हे चालत नाही."

आवाज चढला तसा त्याचा तोल गेला. त्यानं कूड धरला. तानाबाई आता इकडे वळली होती. तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"साहेब, इकडं पाहा बरं."

"मी काय फवारणीवाला आहे, बाई?"

"पाहा तं खरं!"

तिनं सरळ त्याची हनुवटी धरली. अपेक्षानं टॉर्च मारला.

"अगं माय! मोहरीहून बारीक आहे," तानाबाई म्हणाली.

धम्मरत्न पुढे झाला. "भाऊ, आज वावरात गेलते काय?"

सकाळपासून दुपारपर्यंत घनश्यामनं स्वतःच्या कपाशीवर पंप मारला होता. फवारणीला मजूर यायला तयार नव्हते आणि अळी काही थांबणार नव्हती.

"हात-पाय धुऊन, सदरा बदलून निघालो," तो शेवटी म्हणाला.

"आणि मास्क?"

घनश्यामनं नकारार्थी मान हलवली. धम्मरत्ननं त्याचा सदरा उतरवला आणि त्याला न्हाणीच्या दगडावर बसवलं. तानाबाई, अपेक्षा, कुंपणापलीकडच्या शेजारणी, सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. रजत पाणी ओतत होता. एवढा मोठा घनश्यामसाहेब चड्डीवर बसून साबण लावून घेत होता आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

दारव्ह्याला जाताना जीपमध्ये त्याची मान टिकत नव्हती. ती धम्मरत्नच्या खांद्यावर टेकली होती आणि तशातही त्याच्या मनात आलं, घ्या, आता याच्या कामाला माझाच दाखला मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. घनश्यामच्या हाताला सलाईन होतं, म्हणून धम्मरत्ननं स्पीकर लावून फोन उशाशी ठेवला.

"घनश्याम, थोडक्यात निभावलं म्हणे! मास्क होता म्हणूनच ना? अहो, मग तुमचंच नाव पाठवायला हवं. तुमच्या कामाची याहून मोठी पावती कोणती?"

धम्मरत्न स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. त्यानं वर पाहिलं नाही. घनश्यामला यवतमाळचं स्टेज दिसलं, खांद्यावरची शाल दिसली. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. हे पोरगं जन्मात कुणाजवळ बोलणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती आणि नेमकं तेच त्याला सोसवेना.

"मास्क घरी खुंटीवर होता, साहेब. तानाबाईनं डोये पाह्यले म्हणून मी आहे. धम्मरत्नचंच नाव पाठवा."

साहेब म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं."

"मन-बिन काही नाही, साहेब," घनश्याम म्हणाला. "फक्त मले सत्काराले बोलावू नका. माह्याच्यानं टाळ्या वाजवणं होणार नाही."