गौराचं स्थळ

"भाभी, दिसायला तर झकास आहे. काटती तो नहीं ना?" हरेशभाईंनी खुर्ची जराशी मागे सरकवत विचारलं.

उल्हासनगरला त्यांचं जीन्सचं गोडाऊन होतं आणि राखणीला कुत्रा हवा होता. गौरा त्यांच्या बुटांवर डोकं टेकून पडली होती. वासराएवढी कुत्री, पण माणूस दिसला की नुसतं लोणी.

"माणसाला नाही," मी म्हणाले. "कुत्रं दिसलं की मात्र तिच्या अंगात येतं. मग मीसुद्धा मागे फरपटत जाते."

"अरे बापरे! गोडाऊनच्या गल्लीत तर कुत्रेच कुत्रे आहेत." अर्धा चहा तसाच टाकून ते गेले.

मी हेंद्रेपाड्यातली नूतन. आठवडाभर आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंग करते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची लग्नं जमवते. मुलगी तापट असली तर तिला स्पष्टवक्ती म्हणते, मुलगा आळशी असला तर शांत. देवाच्या कृपेने सगळ्यांचे संसार चाललेत. पण गौराच्या बाबतीत माझी जीभ काही वळेना. खोटं सांगून दिली आणि तिने कुणाचं कुत्रं फाडलं, तर तिला काठीने मारतील. माणसाची पोर निदान माहेरी फोन तरी करते.

कंपनीच्या मागच्या भिंतीशी सापडली ती मला. गळ्यात साखळी रुतलेली, एक कान अर्धा तुटलेला. कुणीतरी बांधून ठेवलेली असणार आणि भटक्या कुत्र्यांनी येता-जाता तोडलेली. मग ती कुत्र्यांवर चिडणार नाही तर काय ओवाळणार? मला मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. ती घरात आल्यापासून मी पुन्हा मोठ्याने बोलायला लागले होते.

मग एका सकाळी तिने पट्टा तोडला आणि चाळीचा लाडका कुत्रा काळू मानेला धरला. काळू वाचला, पण टाके पडले. चाळमालक हितेश दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, रविवारपर्यंत बघा काय ते. नंतर मी माणसं बोलवून तिला जंगलात सोडायला लावणार."

लाज नाही वाटली मेल्याला. दुसरी खोली शोधायला गेले, तर गौराला बघूनच लोक दार लावायचे. म्हणून तर हरेशभाईंना बोलावलं होतं, तेही तसेच गेले.

शनिवारी कंपनीतल्या एकीने तिच्या लांबच्या मावशीचं नाव सुचवलं. बारवी धरणाच्या रस्त्याला हरिचंद्र आणि कमळाबाई, दोघंच म्हातारी, भातशेती, वाडीला चांगलं उंच तारेचं कुंपण. रविवारी टेम्पोत घालून गौराला घेऊन गेले. तुटका कान, काळू, त्याचे टाके, सगळं सांगून टाकलं.

हरिचंद्रांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्याकडं कुत्रा नाय. शेजार पन त्या टेकाडापलीकडं. धावंल कुनावर ती?"

"पण कुंपणाबाहेर सोडायची नाही हं. कधीच."

"नाय सोडत. आमी तरी कुटं जातो बाहेर?" कमळाबाईंनी भाकरी कुस्करून ठेवली. गौराने ताट चाटून पुसून लख्ख केलं.

मी पट्टा काढला. ती कुंपणाच्या कडेने धावली, वळली, पुन्हा धावली. माझ्या खोलीत चार पावलांत भिंत यायची. तिला एवढं धावता येतं, हे मला माहीतच नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, पण मला मेलीला नुसतं रडू येत होतं.

कमळाबाई जवळ आल्या. "एक सांगू बाय? आता लवकर येऊ नको. तुला बघंल, नि मग रोज फाटकाशी बसंल. रुळू दे तिला."

"दिवाळीला आले तर?"

"पुढच्या दिवाळीला ये."

मी मान हलवली. डोक्यावर ऊन नुसतं मी मी म्हणत होतं. कमळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. घसा पार सुकला होता, तरी मी हात मागे घेतला.

"घे की. का गो?"

"लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, कमळाबाई."

त्या हसल्या नाहीत. तांब्यातलं पाणी त्यांनी तिथल्याच परातीत ओतलं आणि गौराला हाक मारली. ती धापा टाकत आली आणि लपलप पिऊ लागली. तिने मान वर करायच्या आत मी फाटकाबाहेर पडले आणि बाहेरून कडी लावली.