ध्यानाची पात

"पंचफुले, डोये फुटले का वं? सोयाबीन उपटून राह्यली तू!" मी वरडली.

तिच्या हातात तनाच्या जाग्यावर हिरवंगार झाड! जीव थाऱ्यावर नसला म्हनजे असंच होते. परवा निंदता निंदता तिनं एक गानं जुळवलं अन् तिच्या सुनेनं, धम्मदीपानं, ते आमच्या किन्हीराजाच्या नावानं मोबाईलवर टाकलं:

"सोयाबीनात तन माजलं, खुरपं माहं झिजलं गं,
धुऱ्यावरच्या लिंबाखाली ध्यान माहं निजलं गं!"

ध्यान म्हनजे तिचा नवरा, देवमन. गानं पाहता पाहता कुठच्या कुठं गेलं. अन् आज सकाळी रिसोडकडच्या एका बाईनं आपल्या वावरातून गाऊनच सवाल धाडला:

"किन्हीराजाच्या बाई तुहं ऐकून घेतलं सारं गं,
निजलेल्या त्या ध्यानाले तू घालते का वारं गं?"

"हिरीबाई, थे इचारून राह्यली अन् आपून मुकं बसाचं?" पंचफुला मले म्हने.

खरंच हाय. आमच्या निंदनात गान्याले जवाब नाही देल्ला त हारली म्हनतेत. पन देवमननं ताकीद देल्ली होती, मोबाईल पुन्हा वावरात दिसला त विहिरीत फेकीन.

तेवढ्यात तोच आला, धुऱ्याच्या बांधावरून तनतनत.

"हाटेलात बसू देईनात मले! जो तो म्हन्ते, ध्यान आलं, वारं घाला! धम्मदीपा, काहाड तो मोबाईल. अन् पंचफुले, तू म्हन आता, माहा नवरा लय कामाचा हाय म्हून!"

"खोटं नाही गात मी," पंचफुला म्हने. "खरं पाह्यजे असन त खुरपं घ्या."

आमी तोंडात पदर कोंबले. देवमननं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् बसला बाप्पा आमच्या बाजूनं एका ओळीची पात धरून! बसताच कंबर धरली त्यानं. धम्मदीपानं मोबाईल धरला अन् पंचफुलानं खनखनीत आवाज काहाडला:

"वारं कायचं घालते बाई, हाती खुरपं देल्लं गं,
पात धरून ध्यान माहं तनामांगं गेलं गं!"

"झालं नं? उठू?" देवमन म्हने.

"बसा. पात तडीले जाऊ द्या."

हासता हासता माह्याच डोक्यात एक ओळ वळवळू लागली. लगन झाल्यापासून मी कधी मोठ्यानं गायली नाही. अन् आमचे मालक, शेषराव, त आता पारावर पत्ते कुटत असतीन. तरी मी खुरपं खाली ठेवलं.

"धम्मदीपे," मी म्हनलं, "मोबाईल इकडं फिरव."