बांधावरची घूस

"कंबर गेली गो माझी!" असं पुटपुटत ठमाबाई रोज माझ्याच पाठीवर टेकते. माझ्या कमरेचं विचारणार कोण?

मित्रांनो, मी मोहन्याजवळचा मातीचा छोटा बांध. वयानं फार जुना नाही, दहा-बारा पावसाळेच पाहिलेत, तरी थकलो आहे. ओढ्याचा पूर गावात शिरू नये म्हणून अठ्ठेचाळीस साली गावानं मला घातलं. बायांनी पाट्या वाहिल्या, पुरुषांनी मला चोप चोप चोपलं. पहिल्या पुरात मी तग धरला, तेव्हा नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. मी फुगलो.

पण माझी माती निघाली चिकण. तिची चूल तडकत नाही, हे ठमाबाईनं हेरलं. मग रीतच पडली: नव्या नवरीची पहिली चूल बांधाच्या मातीची. आशीर्वाद म्हणून! आशीर्वाद पाटीभर, आणि लग्नं दर वैशाखात. माझ्या कुशीत मोठा कोनाडा पडला. तो सगळ्यांना दिसे, पण त्याचं नाव कुणी काढत नसे. प्रत्येक नवरी आधी मला वाकून नमस्कार करी आणि मग खणे. रागवायचं तरी कुणावर?

यंदा श्रावणात ओढा चढला आणि त्या कोनाड्यातून पाणी पाझरू लागलं. पायथ्याशी पहिलं घर ठमाबाईचं. आत तिची बाळंतीण सून, कुशीत कोवळं बाळ. माणसं धावत आली.

"घुशींनी पोखरलाय!" गोपीनाथ पाटील पहार आपटत ओरडले. "बीळ शोधा!"

"एवढी मोठी घूस, दादूस?" काळुराम म्हणाला.

"असते एकेक," पाटील म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे काही त्यांनी बघितलं नाही. तिनंही पदर सारखा केला.

सगळे बीळ शोधत राहिले. पाझर गढूळ झाला. माझी माती सुटू लागली होती. मित्रांनो, बांधाला नमस्कार नको असतो, नेलेली माती परत हवी असते. पण मला बोलता कुठे येतं?

तेवढ्यात ठमाबाई घरातून बाहेर आली. डोक्यावरच्या पाटीत चूल होती, बाळंतिणीचं पाणी तापवायला कालच घातलेली, अजून ओली. तिनं ती माझ्या कोनाड्यात कोंबली आणि टाचेनं घट्ट दाबली. मग कमरेवर हात ठेवून वळली.

"माती आणा रं आधी! बीळ कसलं शोधताव? घूस तुझ्या घरान हाय, गोपीनाथ, नि माझ्या घरान पण हाय. चुलीपुढं बसून भाकऱ्या थापते ती!"