बाराच्या आधीची रिंग

नाथाजी हवालदाराला यंत्राचं वेड आणि माणसाचा संशय, दोन्ही फौजेतनं लागलं होतं. सिग्नलमध्ये वायरलेस सेट चालवत नोकरी झाली. पेन्शनीत आल्यावर इस्लामपूरजवळच्या त्याच्या गावात पहिला रंगीत टीव्ही त्याचाच. दुकानदारानं आत जुना माल तर घातला नाही ना, म्हणून आणल्या दिवशीच तो पेचकसानं उघडून बसणाराही तोच.

१९९९ साली त्याच्या डोक्यात मोबाइल शिरला. या खेपेला निमित्तही खरं होतं. लेक राजेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई सीमेवर, आणि पोर मनातनं भ्यालेली. "आबा, कळा आल्या की तुमी जवळ पायजेसा," हे तिचं एकच पालुपद. "तू नुसती हाक दे, मी हजर," असा शब्द नाथाजीनं दिला होता. पण तो दिवसभर उसात, नाहीतर कारखान्यावर. हाक पोचायची कशी?

दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणून तो सांगलीला गेला. बैल चालवून बघितल्याशिवाय दावं हातात घेऊ नये, ही त्याच्या घरची रीत. तिथल्या अवधूत नावाच्या मोबाइलवाल्याच्या दुकानातल्या एका फोनचा नंबर त्यानं आधीच आणून बायकोला, बनुबाईला दिला होता. बजावलं होतं, "केरबाच्या बूथवरनं बरोबर बाराला लाव. आधी न्हाई, मागनं न्हाई." सेटवर ठरल्या वेळेलाच बोलायचं, भलत्या वेळी आवाज आला तर तो शत्रूचा समजायचा. आयुष्यभर तो हेच शिकला होता.

दुकानात त्यानं फोन हातात घेतला, वजन बघितलं, बॅटरी काढून वास घेतला. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा होता आणि पडद्याआड साधा फोन. तो दिसताच नाथाजीचे कान टवकारले.

तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. घड्याळात अकराच वाजत होते. मोबाइलच्या काचेवर नंबरही उमटला नाही.

"उचला की, हवालदारसाहेब," अवधूत म्हणाला.

"आतनं तुमचाच माणूस बोलणार," म्हणत नाथाजीनं फोन तोडला. लगेच पुन्हा वाजला. अवधूतनं पडदा सारून दाखवला. आत कुणी नव्हतं. "मग दुसरीकडनं लावत आसंल," नाथाजी म्हणाला आणि पुन्हा तोडला. चोर पकडल्याचं समाधान त्याला लपवता येईना.

बारा वाजले. फोन गप्प. साडेबारापर्यंत गप्पच. मग नाथाजीनं चार गिऱ्हाइकांसमोर अवधूतला लबाड ठरवलं, फोन काउंटरवर आपटला आणि ताठ मानेनं एसटीत बसला.

गावच्या स्टँडवर उतरला तर बूथवाला केरबा धावतच आला. "आवं हवालदार, तुमी हितं कसं? राजाक्काला कळा सुटल्या. जीपगाडीनं सांगलीला न्हेली. निघताना वैनींनी तुमाला दोनदा फोन लावला, दोन्ही बारीला कुणीतरी कापला."

अकराचा तो फोन कुणाचा, हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

परतीच्या गाडीनं तो सांगलीत पोचेस्तोवर दिवस कलला होता. दवाखाना अवधूतच्या दुकानामागच्याच गल्लीत निघाला. नातू झाला होता, दोघंही सुखरूप होते. बनुबाई दाराशी बसलेली. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि वाट दिली.

राजेश्वरीचा चेहरा ओढला होता. "आबा, लय हाका मारल्या तुमाला," ती म्हणाली. "आय म्हनली, फोन कुणीतरी तोडतंय. मी म्हनलं, आबा न्हवंत ते. त्यो दुकानदारच लबाड आसंल. व्हय न्हवं?"

इतकी वर्षं घरात पेरलेला संशय लेकीच्या तोंडून उगवून आला होता, आणि तोही त्यालाच वाचवायला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बनुबाई दारातनं बघत होती.

"न्हाई गं बाय," नाथाजी म्हणाला. "त्यो मानूस खरा हुता. उचला म्हनत हुता. मीच तोडला."

राजेश्वरीनं तोंड भिंतीकडं वळवलं.